ब्रित्सची पाटी कोरी नव्हती

बर्लिनच्या दक्षिण भागात, नॉयक्योल्न विभागातल्या ब्रित्समध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराची एक वसाहत आहे. जर्मन तिला हुफआयझनझीडलुंग म्हणतात. ब्रुनो टाउट आणि मार्टिन वाग्नर या दोन वास्तुरचनाकारांनी तिचा आराखडा केला, १९२५ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २००८ मध्ये युनेस्कोने बर्लिनच्या आणखी पाच वसाहतींसह तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आधुनिक वास्तुकलेवरच्या पुस्तकांत तिचे विमानातून घेतलेले छायाचित्र असतेच. त्याखाली जे लिहिलेले असते, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडत नाही. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये घरांची भीषण टंचाई होती. अंधाऱ्या चौकांभोवती रचलेल्या भाड्याच्या चाळवजा इमारतींना विटलेल्या नव्या पिढीने जुने सगळे पुसून टाकले आणि एकसारख्या घरांची, सपाट छपरांची, कारखान्यासारख्या शिस्तीची वस्ती उभारली. इतिहासाशी तोडलेले नाते हेच तिचे मोठेपण. मग प्रश्न उरतो रस्त्यांच्या नावांचा. ती बहुतेक एका एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाच्या, तेही ग्रामीण बोलीत लिहिणाऱ्या लेखकाच्या, पुस्तकांतून आणि आयुष्यातून घेतलेली. त्यावर या पक्षाचे उत्तर असे की आराखडा काळाच्या पुढे होता आणि नावे काळाच्या मागे. कुणा हळव्या अधिकाऱ्याने आजोळच्या आठवणीत रमून ती दिली असावीत.

यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा साफ चुकीचा आहे, आणि तो चुकला की पहिल्यालाही तडा जातो.

जमिनीपासून सुरुवात करू. ब्रित्स हे १९२० पर्यंत बर्लिनबाहेरचे खेडे होते. त्या वर्षी बृहद्बर्लिन झाले आणि ते शहरात आले. वसाहतीखालची जमीन तिथल्या जहागिरीची, म्हणजे पिके आणि डबकी यांची. ज्या आकाराने वसाहतीला नाव दिले, तो काही कंपास घेऊन कोऱ्या कागदावर सुचलेला नाही. तिथे हिमयुगापासूनचे एक तळे होते. तळ्याच्या खोलगट काठावर बांधणे अवघड, म्हणून ते मध्ये ठेवून भोवती सुमारे साडेतीनशे मीटर लांबीची वळणदार इमारत फिरवली. एकाच नमुन्याची पंचवीस घरे एकाला एक लावलेली: इथे कारखान्याची शिस्त आहे, मान्य. पण ती शिस्त एका डबक्याच्या मर्जीने वळली आहे.

सपाट छपरांचे म्हणाल, तर नालाला ती आहेत. मागच्या गल्ल्यांत गेलात तर ओळीने उभ्या असलेल्या एक-कुटुंबी घरांवर उतरती कौलारू छपरे दिसतात. रंगही पांढरा एकटा नाही. टाउट हा रंगाचा माणूस. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्याने बर्लिनच्याच फाल्केनबेर्गमध्ये घरे इतक्या भडक रंगांत रंगवली की लोकांनी त्या वसाहतीला रंगपेटीचे नाव दिले. ब्रित्सला निळा, पिवळा आणि मुख्य रस्त्याच्या बाजूला गडद लाल. त्या लाल ओळीला लोक ‘लाल आघाडी’ म्हणू लागले. त्या काळी बर्लिनमध्ये हा शब्द रंगापुरता ऐकला जात नसे, तो साम्यवाद्यांचाही होता. अनेक मार्गदर्शक हे सगळे सरसकट ‘बाउहाउस’ या कलाशाळेच्या खात्यावर टाकतात. टाउटने बाउहाउसमध्ये कधी शिकवले नाही. तो गेहाग या गृहनिर्माण संस्थेचा मुख्य वास्तुकार होता, आणि ती संस्था १९२४ मध्ये कामगार संघटनांच्या पुढाकाराने उभी राहिली होती.

आता नावे. मुख्य रस्ता फ्रिट्झ-रॉयटर-आले. नालाच्या आकाराच्या इमारतीचा पत्ता लोविझे-रॉयटर-रिंग, लेखकाच्या पत्नीच्या नावाचा. मग मिनिंग आणि लिनिंग या जुळ्या बहिणी, ओंकेल ब्रेझिग हा बडबड्या शेतव्यवस्थापक, पास्टर बेहरेन्स. ही मंडळी रॉयटरच्या ‘उट मीने श्ट्रोमटीड’ या कादंबरीतली. श्टावनहागन हे त्याचे जन्मगाव, पार्शिम त्याच्या शाळेचे. उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा नकाशाच इथे अंथरलेला आहे. वरवर पाहिले तर गोड, घरगुती. पूर्वपक्ष इथेच थांबतो.

पण हा फ्रिट्झ रॉयटर कोण? जन्म १८१०. विद्यार्थी असताना राष्ट्रवादी आणि उदारमतवादी विद्यार्थी चळवळीत होता, म्हणून १८३३ मध्ये त्याला पकडले, आणि तेही बर्लिनमध्ये. प्रशियाच्या न्यायालयाने राजद्रोहासाठी मृत्युदंड दिला, पुढे तो तीस वर्षांच्या किल्लेकैदेवर आला. सात वर्षे तुरुंगांत काढून १८४० मध्ये तो सुटला. ज्या शहराने त्याला साखळदंड घातले, त्याच शहराने शतकभराने त्याच्या नावे हमरस्ता केला. हळव्या आठवणींत असले काही बसत नाही.

आणि खरा पुरावा नालाच्या पाठीमागे आहे. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचे एक अंगण आहे, मध्ये लिंडनचे झाड, भोवती घरे, जुन्या जर्मन गावाच्या सामाईक माळासारखी मांडणी. त्या जागेचे नाव ह्युसुंग.

रॉयटरचे ‘काइन ह्युसुंग’ हे दीर्घकाव्य १८५७ च्या सुमाराचे. मेक्लेनबुर्गमध्ये भूदासपद्धती १८२० मध्ये कायद्याने संपली. संपली म्हणजे काय झाले, तर शेतमजूर जमिनीला बांधलेला राहिला नाही आणि जमीनदारही त्याला जागा द्यायला बांधलेला राहिला नाही. लग्न करायचे तर राहायला घर असल्याची जमीनदाराची संमती लागे. त्या संमतीला, त्या वसण्याच्या हक्काला, ह्युसुंग म्हणत. काव्यातल्या योहान आणि मारिकेन यांना ती मिळत नाही. मारिकेन गरोदर असते. योहान जमीनदाराचा खून करून परागंदा होतो. तिचा शेवट दारुण होतो. रॉयटरच्या विनोदी पुस्तकांवर पोसलेल्या वाचकाला हे काव्य अजूनही अंगावर येते. हे कल्पनेतले दुःख नव्हते. त्या काळात मेक्लेनबुर्गमधून माणसे लोंढ्यांनी अमेरिकेला गेली, आणि बर्लिनलाही आली.

म्हणजे घरांची टंचाई असलेल्या शहरात, कामगार संघटनांच्या संस्थेने बांधलेल्या वसाहतीत, मधल्या अंगणाला ‘राहण्याचा हक्क’ असे नाव आहे. वायमार संविधानाच्या कलम १५५ मध्ये प्रत्येक जर्मनाला निरोगी घर मिळावे हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून लिहिले होते, आणि १९२४ पासून घरभाड्यावरच्या करातून त्यासाठी पैसाही उभा राहत होता. ही वसाहत इतिहास पुसून उभी राहिली असे म्हणणाऱ्याने या पाटीचे काय करायचे ते सांगावे. जुन्या तक्रारीचा उल्लेख करून दिलेले उत्तर हे इतिहासाशी तोडलेले नाते नसते.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत, आणि सगळेच फेटाळण्याजोगे नाहीत.

पहिला: रॉयटरची नावे टाउटच्या वसाहतीपुरती थांबत नाहीत. मुख्य रस्त्यापलीकडे देगेवो या दुसऱ्या संस्थेने त्याच वर्षांत उतरत्या छपरांची, जुन्या वळणाची वसाहत बांधली आणि तिथेही रॉयटरचीच मंडळी राहतात. हे बरोबर आहे. म्हणून या नावांचे श्रेय टाउटला देण्याचा मोह मी टाळतो. नावे परिसराची आहेत, वास्तुकाराची नाहीत. पण कोणते नाव कोणत्या जागेवर पडले हा प्रश्न उरतोच, आणि ह्युसुंग पडले ते गावच्या माळाच्या आकारावर.

दुसरा: नाझींनी बर्लिनच्या पुष्कळ पाट्या बदलल्या, या राहू दिल्या. तेव्हा त्यांत राजकारण कुठले? मला वाटते, याचे उत्तर रॉयटरच्या स्वभावात आहे. तो हसवतो, बोलीत लिहितो, गावावर माया करतो. ज्याला फक्त माती आणि मायबोली ऐकायची होती, त्याला तीच ऐकू आली. त्याची ‘डोर्शलॉयश्टिंग’ ही कादंबरी घ्या. एका छोट्या संस्थानातल्या, विजेच्या कडकडाटाला घाबरणाऱ्या ड्यूकची ती टिंगल आहे. त्याच नावाच्या रस्त्यावर १९२७ पासून एरिख म्युझाम हा अराज्यवादी कवी राहत होता. फेब्रुवारी १९३३ च्या अखेरीस, राइशटाग हे संसदभवन जळाले त्या रात्री, त्याला अटक झाली आणि १९३४ मध्ये ओरानियेनबुर्गच्या छळछावणीत त्याचा खून झाला. टाउटनेही १९३३ मध्ये देश सोडला. जपान आणि मग तुर्कस्तान, जिथे तो १९३८ मध्ये वारला. पाट्या राहिल्या म्हणजे त्या निरुपद्रवी होत्या असे नव्हे. त्या वाचणारे बदलले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला माझ्याकडे खंडन नाही. वसाहत कामगारांसाठी, असे सगळे म्हणतात, मीही वर तसाच सूर लावला. प्रत्यक्षात नव्या घरांचे भाडे अकुशल मजुराला झेपणारे नव्हते. तिथे आले ते बहुतांशी कुशल कारागीर, कारकून, शिक्षक, छोटे अधिकारी. योहान आणि मारिकेन १९२७ मध्ये ब्रित्सला आले असते, तर त्यांना ह्युसुंगमध्ये घर मिळाले नसते.