शाळेनंतरची शाळा

शाश्वत विकासाची चर्चा आज सर्वत्र होते. त्याचा एक जुना धडा आम्हांस बडोदे संस्थानाच्या इतिहासात दिसतो. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटली आणि हाती पुस्तक उरले नाही, तर शिकलेला मुलगा पुन्हा निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी आरंभिली. आडगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गावाने वर्गणी जमवावी व सरकारने तीत भर घालावी, अशी रीत होती. त्यामुळे वाचनालय गावास आपले वाटे.

बियाणे, पाणी, रोगराई यांविषयीचे ज्ञान सतत बदलते. ते वाचणाऱ्याच्याच हाती लागते. महाराष्ट्रातही १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदानही आहे. तथापि अनुदानाने कपाटे भरली, तरी वाचक घराघरांतूनच यावे लागतात. आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी आपण शेवटी केव्हा भरली, हे प्रत्येक कुटुंबाने आठवून पाहावे, अशी आमची विनंती आहे.