पाकीट, पास आणि कर्नलसाहेब

आमच्या पालघरात 'पाकीट' या शब्दाला दोनच अर्थ आहेत. एक, लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात ठेवायचे ते. आणि दुसरे, विरारला गाडीत शिरताना छातीशी धरून सांभाळायचे ते. त्यामुळे एका रविवारी माझा भाचा पोह्यांची बशी हातात घेऊन "मामा, मी सध्या पाकिटांपर्यंत झटपट पोचायचं शिकतोय" असे म्हणाला, तेव्हा आमच्या हिच्या हातातला चहा बशीत सांडला.

"एका सेकंदाला दीड कोटी पाकिटं हाताखालून जातात," तो उत्साहाने पुढे सांगू लागला.

मी बँकेत कारकून. आकडा ऐकला की भीतीच्या आधी बेरीज सुचते. तरी मी विचारले, "आणि पकडला गेलास तर?"

"पकडतंय कोण? कर्नलला आधी फॉर्म भरून द्यायचा. त्यानं हो म्हटलं की मोकळे!"

पोलीस सामील असतात हे ऐकून होतो. पण पाकीटमारीत साक्षात लष्कर? आमची ही देवघराकडे वळलेली पाहून भाच्याने खुलासा केला. पाकीट म्हणजे संगणकांच्या जाळ्यातून धावणारा माहितीचा तुकडा. आणि कर्नल म्हणजे मिशीवाले साहेब नव्हेत, तर संगणकाच्या कारभाराचा गाभा असलेला मुख्य प्रोग्रॅम. बाकीच्या कुठल्याही प्रोग्रॅमने यंत्राला परस्पर हात लावायचा नाही, जे हवे ते कर्नलकडे मागायचे. एवढे ऐकल्यावर मी निश्चिंत झालो. आमच्या शाखेत त्यालाच मॅनेजर म्हणतात.

इतिहासाचे आणि माझे कधी जमले नाही. सनावळी टाळायच्या म्हणूनच मी कॉमर्सला गेलो. पण भाच्याने या विद्येचा इतिहास सांगायला घेतला आणि १९६९ साल निघाले, तेव्हा मी सावरून बसलो. बँकवाल्याला ते साल पाठ असते, कारण त्या वर्षी १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्या दोन दिवसांत माणूस चंद्रावर उतरला, हा आमच्या दृष्टीने किरकोळ तपशील. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. आजचे आपले बहुतेक कर्नलसाहेब त्याच घराण्यातले किंवा त्याच वळणाचे. २८ ऑक्टोबरला इकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राची दोन्ही युनिटे व्यापारी तत्त्वावर चालू झाली. आणि दुसऱ्याच दिवशी, २९ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियात एका संगणकाने दूरच्या दुसऱ्या संगणकाला जाळ्यावरून पहिला निरोप पाठवला. पाठवायचा शब्द होता 'लॉगिन'. त्यातली 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि समोरचे यंत्र कोसळले. म्हणजे आमच्याकडे अणूची वीज आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे 'कनेक्टिव्हिटी नाही, उद्या या' या युगाचा आरंभ झाला.

युनिक्समध्ये वाचायचे असले तर एक हाक आणि लिहायचे असले तर दुसरी, असा सुटसुटीत शिरस्ता होता. पण वाचणे-लिहिणे यांत न बसणारी कामे असतातच. टर्मिनलचा वेग बदला, टेप मागे गुंडाळा. टर्मिनलपुरत्या दोन वेगळ्या हाका होत्या. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत त्यांच्या जागी सगळ्या यंत्रांसाठी मिळून एकच हाक आली, 'आयओसीटीएल'. इनपुट-आउटपुट कंट्रोलचा हा लघुरूप अवतार. मला ती लगेच ओळखीची वाटली. आमच्याकडे जमा एका खिडकीवर, नावे दुसऱ्या खिडकीवर आणि पत्ताबदल, चेकबुक, मयताचे वारस ही सगळी कामे जिथे जातात ती 'इतर' नावाची तिसरी खिडकी. आयओसीटीएल ही कर्नलची 'इतर' खिडकी. प्रत्येक कामाचा फॉर्म वेगळा आणि फॉर्मचा नंबर वेगळा.

आता पाकीट या दरबारातून बाहेर कसे पडत असे ते पाहा. प्रोग्रॅमने कर्नलला हाक मारायची. कर्नलने त्या पाकिटासाठी कोरी जागा शोधायची, त्यात मजकुराची नक्कल उतरवायची, नाना टेबलांवरून फिरवायची आणि मग ते यंत्राच्या हवाली करायचे. पुढचे पाकीट आले की पुन्हा पहिल्यापासून. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेतली लेजरे शेवटच्या घटका मोजत होती. पैसे काढायची स्लिप, पितळी टोकन, लेजरमध्ये नोंद, साहेबांची सही, स्क्रोल आणि मग कॅशियर, ही प्रदक्षिणा मी पाहिलेली आहे. भाचा सांगत होता ती त्याच देवाची दुसरी प्रदक्षिणा होती.

आणि इथेच खरी गोम आहे. खर्च पाकिटाच्या वजनावर नसून नगावर असतो. मोठ्या पाकिटाला जेवढे हेलपाटे, तेवढेच चिमुकल्याला. इथरनेटच्या तारेवरचे सगळ्यात लहान पाकीट, मधले अंतर वगैरे धरून, ८४ बाइटचे पडते. १९८३ साली प्रमाणित झालेल्या तारेतून अशी सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८० जात. २००२ साली हजारपट वेगाची तार प्रमाणित झाली. आता आकडा झाला १ कोटी ४८ लाख ८० हजार. म्हणजे एका पाकिटाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद आणि चिल्लर. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. कर्नलच्या प्रदक्षिणेला मात्र चांगल्या यंत्रावरही सुमारे ९५० लागत. रस्ता हजारपट रुंद झाला, पण टोलनाक्यावरची खिडकी एकच आणि आतला माणूस पावती हाताने लिहितोय!

हे ऐकताना मला आमच्या बोईसर शाखेतली मावशी आठवली. आसपासच्या पाड्यावरून येते, एमआयडीसीत रोजंदारीवर झाडलोट करते. महिन्यातून दोनदा पाचशे रुपये काढते. तिची सही दर वेळी निराळी, म्हणून तिची स्लिप मी दर वेळी साहेबांच्या केबिनमध्ये पाठवतो. साहेब फोनवर असतात. कारखानदाराच्या पाच लाखांनाही तेवढाच वेळ लागतो, पण त्याचा माणूस येतो आणि त्याला बसायचा पगार मिळतो. मावशीचा अर्धा रोज जातो. पाचशे काढायला तिला पडणारा खर्च आमच्या कुठल्याच खात्यात दिसत नाही. मी बी.कॉम. असूनही तो मला कधी दिसला नव्हता.

असो. इतिहास पुढे सरकला. १९९२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅककॅन आणि जेकबसन या जोडीने एक चाळणी काढली. कर्नलने आपल्या दारातच पाकिटे चाळायची आणि हवीत तेवढ्यांचीच नक्कल करायची. चाळणी कुठल्या तारेला बांधायची ते सांगायला फॉर्म अर्थातच 'इतर' खिडकीचा. नकला कमी झाल्या, गेल्या नाहीत.

त्या घालवल्या इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांनी. पिसा म्हणजे तेच, जिथला मनोरा कललेला आहे. तिथल्या माणसाला 'सरळ मार्ग' सुचावा ही नियतीची गंमत. २०११ साली त्यांनी 'नेटमॅप' फ्रीबीएसडीत आणले आणि २०१२ साली त्यावरचा निबंध बॉस्टनच्या परिषदेत वाचला. रिझ्झोंनी नेमके तीन खर्च धरले. दर पाकिटाला नवी जागा शोधायची नाही, ती आधीच मांडून ठेवायची. दर पाकिटाला हाक मारायची नाही, गठ्ठ्याला एक हाक पुरे. आणि नक्कल करायचीच नाही, कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्या मधे एकच वही उघडी ठेवायची. एवढ्यावर ९०० मेगाहर्ट्झच्या वेगाने चालवलेला संगणकाचा एकच गाभा ती १ कोटी ४८ लाख ८० हजार पाकिटे सेकंदाला काढू लागला.

भाच्याने मला तो फॉर्म दाखवला. नाव 'एनआयओसीरेगआयएफ'. आमच्या हेड ऑफिसच्या सर्क्युलरलाही इतके देखणे नाव नसते. अर्जदाराने तारेचे नाव आणि फॉर्मची आवृत्ती लिहायची. आवृत्ती चुकली की अर्ज परत, हे वाचून मला घरी आल्यासारखे वाटले. बाकीचे रकाने, म्हणजे वही केवढी, पाने किती, हे कर्नल त्याच फॉर्मवर भरून देतो. थोडक्यात 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी'. मग त्या सामाईक वहीत लिहायला लागायचे. कुठून कुठपर्यंत पाने अर्जदाराची आणि कुठली कर्नलची याच्या खुणा वहीतच असतात. गठ्ठा तयार झाला की आणखी एक छोटी हाक, 'एनआयओसीटीएक्ससिंक', म्हणजे 'पाठवा'. आलेली टपाल पाहायला तिची जुळी बहीण, 'आरएक्ससिंक'. त्या हाकेच्या वेळी कर्नल खुणा आणि लांबी तपासून घेतो. वाट्टेल ते लिहून कर्नलला पाडता येत नाही, कारण यंत्राच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. त्याच सुमाराच्या इंटेलच्या डीपीडीके पद्धतीत अख्खे यंत्रच प्रोग्रॅमच्या ताब्यात देतात. वेग तिथेही अफाट, पण कॅशियरची पेटी गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवल्यासारखे मला वाटले.

"म्हणजे मॅनेजर राहिला, कारकून गेला," मी म्हणालो. पोह्यांची चव गेली. नक्कल करणे हेच तर माझे आयुष्य!

भाच्याने उत्तर द्यायच्या आधीच इतिहास घडला. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे जाळे तो सांभाळतो. तिथल्या संगणकावर आत-बाहेर होणारी पाकिटे मोजायची म्हणून त्या रात्री आमच्या पालघरच्या घरात बसून त्याने तिकडे हा फॉर्म भरला. पडदा थिजला. भाचाही थिजला. फॉर्म मंजूर झाला की ती तार कर्नलच्या नेहमीच्या कारभारातून सुटते आणि सगळी पाकिटे थेट अर्जदाराच्या वहीत पडू लागतात. नेहमीच्या टपालाला वेगळी वही असते, पण ती पुढे सरकवायचे काम अर्जदारानेच करायचे. आणि चिरंजीव ज्या तारेवरून बोलत होते तीच तार त्यांनी मागून घेतली होती! कर्नलने नियमाप्रमाणे अर्ज मंजूर केला, एवढाच त्याचा गुन्हा.

रात्रीच्या डहाणू लोकलने मामा-भाचे बोईसरला निघाले. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर ही रांग. भाचा रांगेकडे धावला, तसा मी त्याला थांबवून माझ्या मोबाइलमध्ये त्याचे तिकीट काढून दिले आणि खिशातला माझा पालघर-बोईसर पास ऐटीत चाचपला. उमरोळी गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, रेगआयएफ म्हणजे तुमचा पासच की! एकदा खिडकीवर जाऊन फॉर्म भरला, ओळख पटवली. मग महिनाभर खिडकी नको. टीसी मात्र आहेच."

वीस वर्षे पास काढतोय, पण त्यात तत्त्वज्ञान आहे हे ठाऊक नव्हते. पास म्हणजे बेशिस्त नव्हे. तपासणी आहे, पण दर फेरीला नाही. कर्नलने विश्वास एकदा पारखून घेतला आणि हिशोब गठ्ठ्याने तपासला, बस्स. कारखान्यात पोचून भाच्याने दोन बटणे दाबली, प्रोग्रॅम थांबला, तार पुन्हा कर्नलच्या पदरात पडली. त्या दोन बटणांसाठी येताजाता दीड तास मोडला आणि वॉचमनच्या वहीत आमची नावे, पत्ते, सह्या आणि कामाचे कारण यांची नक्कल दोनदा उतरली.

परवा मावशी आली. पाचशेची स्लिप, नेहमीसारखी निराळी सही. मी केबिनकडे पाहिले. खरे सांगायचे तर तेवढी रक्कम स्वतः पास करायचा अधिकार मला कित्येक वर्षे आहे. एकदा एका सहीवरून मेमो मिळाला आणि तेव्हापासून मी तो वापरायचा सोडला, इतकेच. मावशीचा पासबुकातला फोटो पाहिला, मावशीकडे पाहिले. दहा वर्षे ओळखतो मी तिला. स्लिप पास केली, पैसे मोजून दिले. संध्याकाळी दिवसभराची व्हाउचरे साहेब गठ्ठ्याने तपासतातच, त्यात तिचीही होती. साहेब काही बोलले नाहीत.

मावशी मात्र पैसे घेऊनही जागची हलेना. इतक्या लवकर काम होणे तिच्या हिशोबात नव्हते.

"साहेब, मशीन नवं आणलं का?"

"नाही मावशी," मी म्हणालो, "मशीन जुनंच आहे. कारकून दुरुस्त केलाय."