अण्णिगेरीचा हरभरा आणि डॉ. राजीव वार्ष्णेय यांचं जनुकसंशोधन

डॉ. राजीव वार्ष्णेय हे कडधान्यांच्या जनुकशास्त्रातलं जगभर घेतलं जाणारं नाव. जन्म १९७३ चा, उत्तर प्रदेशातल्या बहजोईचा. शिक्षण अलीगढ आणि मेरठला. पीएच.डी. गव्हावर, त्यानंतर जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या संस्थेत बार्लीवर काम. २००५ मध्ये ते हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत आले आणि गहू-बार्ली मागं पडून तूर-हरभरा हाती आला.

त्या वेळी भात-मक्याच्या मानानं या पिकांची जनुकीय माहिती अगदी तुटपुंजी होती. कोरडवाहू शेतकऱ्याची पिकं. त्यांच्यावर पैसा लावायला श्रीमंत देशांना फारसं कारण नव्हतं. २०११ मध्ये वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटानं तुरीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ४८,६८० जनुकं नोंदली गेली. त्यासाठी निवडलेलं वाण होतं ‘आशा’, महाराष्ट्रातल्या तूर उत्पादकांच्या चांगलं ओळखीचं. त्याच सुमारास भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनीही याच ‘आशा’चा आराखडा स्वतंत्रपणे मांडला होता, हेही नोंदवायला हवं. श्रेय एकाच दारात टाकण्याची सवय बरी नव्हे. २०१३ मध्ये हरभऱ्याचा आराखडा आला.

आता, आराखड्यानं शेतात काय बदलतं? याचं उत्तर धारवाड जिल्ह्यातल्या अण्णिगेरीत सापडतं. कन्नड आदिकवी पंपाचं म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. ‘अण्णिगेरी-१’ हे हरभऱ्याचं वाण उत्तर कर्नाटकच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं पेरलं जातं. खोट एकच, मर रोग. उभं झाड माना टाकतं, मूळ उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते. फ्युजेरियम बुरशी जमिनीत पाच-सहा वर्षं टिकते, त्यामुळं झाड मरायला लागल्यावर फवारणी करून काही हाती लागत नाही.

मर न येणारं वाण शास्त्रज्ञांकडं होतं, डब्ल्यूआर ३१५. पण त्याचा नुसता संकर केला तर अण्णिगेरीचा मूळ गुण पातळ होतो. म्हणून संकरित झाड पुन्हा पुन्हा अण्णिगेरीशीच जोडायचं: आधी आठ आणे अण्णिगेरी, मग बारा आणे, मग चौदा. अडचण अशी, की प्रत्येक पिढीत मर-प्रतिकार कोणत्या रोपात टिकला हे बघायला रोगट जमिनीत लावून वाट पाहावी लागे. जनुकीय खुणा माहीत झाल्यावर रोपाचं पान तपासूनच निवड करता येऊ लागली. इक्रिसॅट आणि रायचूरच्या कृषी विद्यापीठाच्या या कामातून २०१९ मध्ये ‘सुपर अण्णिगेरी-१’ प्रसारित झालं. चाचण्यांत उत्पादन जुन्या वाणापेक्षा सरासरी ७ टक्के जास्त आणि मरही कमी. याच पद्धतीनं दिल्लीच्या पुसा संस्थेनं दुष्काळात तग धरणारं ‘पुसा चिकपी १०२१६’ काढलं.

ही बियाणी जीएम नव्हेत. हरभऱ्याचाच गुण हरभऱ्यात आणलाय, बाहेरच्या जिवाचं जनुक यात घातलेलं नाही. बीटी कापसावरून गावोगाव जो गोंधळ झाला, त्यामुळं हे वेगळं सांगावं लागतं.

वार्ष्णेय यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या गटानं हरभऱ्याच्या ३,३६६ नमुन्यांचा जनुकीय अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला, त्यात १९५ नमुने रानटी होते. २०२२ मध्ये ते ऑस्ट्रेलियात पर्थच्या मर्डोक विद्यापीठात गेले आणि २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

शेतकऱ्याच्या बाजूनं दोन गोष्टी. मरीच्या बुरशीच्या अनेक जाती आहेत. प्रतिकारक वाण घेतलं म्हणून ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया किंवा पिकाची फेरपालट सोडून चालत नाही. आणि हरभरा स्वपरागित असल्यानं एकदा शुद्ध बियाणं आणलं, भेसळ होऊ दिली नाही, तर घरचंच राखून पुढची दोन-तीन वर्षं पेरता येतं. दरवर्षी नवी पिशवी घ्यायची गरज नाही.