ओव्हलवरची हत्तीण आणि झोपलेला कॅप्टन

आमच्या जोह्यात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात, म्हणून हा किस्सा मला जरा जास्तच आवडतो. २४ ऑगस्ट १९७१, गणेश चतुर्थी. लंडनच्या ओव्हलवरच्या त्या टेस्टला चाहत्यांनी बेला नावाची खरीखुरी हत्तीण आणलेली! चंद्रशेखरने ३८ धावांत ६ विकेट काढून इंग्लंडला १०१ वर गुंडाळलं होतं. आपल्याला हव्या होत्या १७३. शेवटच्या दिवशी सकाळी कॅप्टन अजित वाडेकर ४५ वर रनआउट झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले. जिंकल्यावर त्यांना उठवावं लागलं. इंग्लंडमधला आपला पहिला सीरिज विजय! त्याच वर्षी वेस्ट इंडिजलाही त्यांच्याच घरी हरवलेलं. आणि हे स्टेट बँकेत नोकरी करणारे मुंबईकर, विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर पतौडींच्या जागी कॅप्टन झालेले.

मग १९७४. लॉर्ड्सवर ४२ ऑलआउट, सीरिज ०-३. त्याआधी ओळीने तीन सीरिज जिंकलेल्या या माणसाला पश्चिम विभागाच्या टीममधूनही वगळलं. वाडेकर ३३ व्या वर्षी निवृत्त झाले. मला विचाराल तर हे अतीच झालं. हरले अकरा, गेला एकटा. १९९३ मध्ये आपण त्याच इंग्लंडला घरी ३-० ने धुतलं, तेव्हा टीमचे मॅनेजर वाडेकरच होते.