सात वेळा चिरलेला कप्तान

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यातली एखादी माजली की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढते. अमेरिकेतला जहाजाचा कप्तान चार्ल्स मार्टेल, त्याची उंची यापायी सुमारे ७ इंच घटली. हाडं मोडत, मूतखडे होत. डॉक्टरांनी सहा वेळा चिरलं, दुखरी ग्रंथी सापडेना. सापडणार कशी? ती गळ्यात नव्हतीच, छातीत होती! १९३२ मध्ये बॉस्टनला सातव्यांदा चिरलं तेव्हा मिळाली. पण काही आठवड्यांतच बिचारा गेला.

हृदय तपासायचं सेस्टामिबी हे औषध अशा ग्रंथीत साठतं, हे १९८९ मध्ये दिसलं. आता ते शिरेतून देतात, कॅमेऱ्याने फोटो काढतात, सोबत सोनोग्राफी. ग्रंथीची जागा बहुतेक वेळा आधीच कळते, मग छोटा छेद पुरतो.