धुराड्याच्या जागी क्रूस

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात दाखल झालेल्या एका सिसिलियन तरुणापुढे परीक्षकांनी घराचे अपुरे चित्र ठेवले. त्यात जे नाही ते पेन्सिलीने पुरे करावयाचे होते. तरुणाने घरावर क्रूस काढला, कारण त्याच्या मुलखात त्या जागी क्रूसच असे. अपेक्षित उत्तर धुराडे हे असल्यामुळे त्याचे उत्तर चूक धरण्यात आले. बुद्धिमापनाच्या इतिहासाचा विचार करू लागलो म्हणजे हे चित्र आम्हांस प्रथम आठवते.

वस्तुतः या शास्त्राचा आरंभ सदिच्छेतून झाला होता. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य मिळावे, या हेतूने आल्फ्रेड बिने यांनी थेओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली फ्रान्समध्ये पहिली कसोटी तयार केली. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. कसोटी अमेरिकेत गेली; हा सावधपणा गेला नाही. हेन्री गॉडर्ड यांनी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर उतरणाऱ्या ज्यू, हंगेरियन, इटालियन व रशियन लोकांचे लहान लहान गट तपासले आणि प्रत्येक गटातील सुमारे चार-पंचमांश माणसे मंदबुद्धी ठरतात, असे १९१७ साली प्रसिद्ध केले. जहाजाच्या तळच्या वर्गातून प्रवास करून आलेल्या गरीब माणसांना परक्या देशात पाऊल ठेवताच दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले जात होते, हे ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सैन्यातील चाचण्या सुरू झाल्या व सुमारे साडेसतरा लाख माणसे तपासली गेली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ व इतरांसाठी चित्रांची ‘बीटा’ अशा दोन कसोट्या होत्या. ‘आल्फा’त एका अमेरिकन वनस्पती तुपाचे नाव देऊन ते औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असे विचारले होते. ‘बीटा’त टेनिसच्या मैदानावर जाळे नाही, हे ओळखावयाचे होते. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याच्या बुद्धीविषयी यावरून काय कळणार?

पुढचा प्रकार अधिक बोधप्रद आहे. कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली हीच आकडेवारी घेऊन ग्रंथ लिहिला. अमेरिकेत येऊन वीस वर्षे झालेल्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या जवळपास, तर नुकत्याच आलेल्यांचे पुष्कळ कमी, असे त्यांना आढळले. सहवासाने देश परिचित होतो व गुण वाढतात, हा सरळ अर्थ समोर उभा होता. ब्रिगहॅम यांनी तो नाकारला आणि येणाऱ्या लोकांचा वंशच उत्तरोत्तर हीन होत आहे, असा निष्कर्ष काढला! आकडे खोटे नव्हते; ते वाचणाऱ्याने निकाल आधीच मनाशी ठरविला होता. प्रश्नोत्तरांवरून माणसे पारखण्याची सवय आम्हां धर्मशिक्षकांनाही असल्यामुळे या प्रकाराला हसणे आम्हांस सोपे वाटत नाही.

१९२४ साली अमेरिकेने दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांचा प्रवेश कडक मर्यादेत आणला. तो कायदा केवळ या चाचण्यांमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परकीयांविषयीची भीती व मजुरीची चिंता त्यापूर्वीपासूनच होती. तथापि त्या भीतीला शास्त्राचे वस्त्र मिळाले खरे. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपली चूक जाहीरपणे मान्य केली आणि आपला स्वतःचा ग्रंथ निराधार ठरविला. असे धैर्य विद्वानांत क्वचितच दिसते. कायद्यातील राष्ट्रवार वाटप मात्र १९६५ पर्यंत टिकले.

बिने यांची कसोटी आपल्याकडेही आली. अमेरिकन मिशनरी सी. हर्बर्ट राइस यांनी तिचे हिंदुस्थानी रूप १९२९ साली प्रसिद्ध केले. धारवाडकडे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिची पुनर्रचना केली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. नुसते भाषांतर करून भागले नाही. इथल्या मुलांना प्रत्यक्ष तपासून कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य, हे नव्याने ठरवावे लागले.