स्लिंगबॉक्स

स्लिंगबॉक्स हे घरातील दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आंतरजालाद्वारे दूरच्या ठिकाणी पाहण्यासाठी बनवलेले उपकरण होते. कॅलिफोर्नियातील स्लिंग मीडिया या कंपनीने ते २००५ साली अमेरिकेच्या बाजारपेठेत आणले.

इतिहास

कंपनीचे सहसंस्थापक ब्लेक व जेसन क्रिकोरियन हे बंधू सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचे चाहते होते. प्रवासात संघाचे सामने पाहता येत नसल्यामुळे त्यांना या उपकरणाची कल्पना सुचली. २००७ मध्ये एकोस्टार या कंपनीने स्लिंग मीडिया सुमारे ३८ कोटी डॉलरना विकत घेतली.

कार्यपद्धती

अँटेना, केबल किंवा डीव्हीआर यांकडून येणारे चित्र व ध्वनी संकुचित करून स्लिंगबॉक्स ते घरच्या ब्रॉडबँड जोडणीतून पाठवत असे. प्रेक्षक ते संगणकावर किंवा मोबाइलवर 'स्लिंगप्लेअर' या आज्ञावलीत पाहत असे. त्याने दिलेल्या आज्ञा डीव्हीआरपुढे ठेवलेल्या उत्सर्जकातून अवरक्त किरणांद्वारे पोहोचत. त्यामुळे मुद्रित कार्यक्रम निवडणे, थांबवणे किंवा पुढे नेणे दुरूनही शक्य होई. मात्र त्याच वेळी घरात कोणी तोच डीव्हीआर वापरत असल्यास त्याच्या पडद्यावरील कार्यक्रमही बदलत असे.

सेवासमाप्ती

उत्पादन बंद केल्याची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली आणि ९ नोव्हेंबर २०२२ रोजी कंपनीचे सर्व्हर बंद करण्यात आले. उपकरण व मुद्रित कार्यक्रम ग्राहकाच्या घरीच असले, तरी जोडणी या सर्व्हरवर अवलंबून होती. परिणामी सुस्थितीतील उपकरणांवरही स्लिंगप्लेअर चालेनासा झाला. काही प्रारूपे स्वतंत्र विकसकांच्या अनधिकृत आज्ञावलीच्या साहाय्याने त्यानंतरही वापरता आली.